चहातली गोळी

३ मार्च, सोमवार

दाजी हसत होते! इकडे ताई फोनवर रडतेय आणि मागून तिचा नवरा हसतोय. म्हणे, "तुझ्या दादाचं माकड झालंय. केळी आणि उकडलेली अंडी. चहा सोडला तर बाकी कशाला हात लावत नाही. तीही स्वतःच्या हाताने सोलून!"

आईने वाढलेलं ताट आठ दिवस तसंच परत जातंय. दादा म्हणतो, खाण्यात काहीतरी घालता तुम्ही.

"संशय फार वाढलाय रे त्याचा," ताई म्हणाली.

मी सहज विचारलं, "घालता का काही?"

ताईने फोन दाजींकडे दिला.

मग दाजीच बोलले, तेही छाती फुगवून! "अरे, युक्ती माझी. गोळी कुटायची, चहात ढवळायची, साखर जरा जास्त. चार महिने पत्ता लागला नाही पठ्ठ्याला."

म्हणजे ज्याला सगळे संशयी म्हणतात त्याचा हा संशय तरी खराच होता की! आणि तुम्ही त्याच्या तोंडावर सांगता, "वेड्यासारखं बोलू नकोस, कुणी काही घालत नाही"?

फोन आपटला. काच गेली. माझ्याच फोनची.

५ मार्च

मी कामाला आहे त्या लॉन्ड्रीत इस्त्रीच्या रोलरवर चादर अडकली की मुकादम म्हणतो, "आज मशीनला वेडाचा झटका आलाय." रोज ऐकतो. आज ऐकवेना.

हॉस्पिटलच्या कपड्यांच्या पिशव्या येतात. पिवळी पिशवी मनोरुग्णांच्या वॉर्डची. मुकादम ओरडला, "लांबून धर रे, नाहीतर तूही बडबडायला लागशील!" सगळे फिदीफिदी. मी पिशवी उचलली आणि त्याच्या टेबलावर, डब्याशेजारी ठेवली. म्हटलं, "बघा, लागतं का."

शिक्षा मिळाली. आठवडाभर मळके कपडे निवडायचे आणि गाडीबरोबर हॉस्पिटलात जायचं. चालेल!

७ मार्च

पिवळ्या पिशवीच्या वॉर्डात गेलो. मला वाटलं होतं आरडाओरडा असेल. एक माणूस खिडकीत बसून नखं कापत होता. बस. एवढंच.

तिथली सिस्टर उशांचे अभ्रे मोजून घेते. तिला विचारून टाकलं, माणूस इतका संशयी होतो तो कुठला आजार. ती मोजायची थांबली. "तुझं कोण आहे?"

"मोठा भाऊ."

गाव सोडून इथे कामाला आल्यापासून पहिल्यांदा हे कुणाला सांगितलं. दोन वर्षं सगळ्यांना सांगतोय की दादा घरी असतो, कंबर धरलीय.

तिने लॉन्ड्रीच्याच पावतीवर आजाराचं नाव लिहून दिलं. स्किझोफ्रेनिया. सहावीत शाळा सोडली मी, चार वेळा वाचून जमलं. म्हणाली, मेंदूचा आजार आहे. कारण एकच नसतं. थोडं रक्तातून येतं, थोडा मेंदूतल्या रसायनांचा घोळ, वर ताण, जागरणं. कुणी नशा करत असेल तर त्याचीही भर. आईने लाडावला म्हणून होत नाही. कुणाच्या शापाने तर नाहीच.

मी म्हटलं, "त्याला माणसं बोललेली ऐकू येतात. कुणी नसतं हो."

"त्याला खरंच ऐकू येतं. नाटक नसतं ते."

दादा मोटर वाइंडिंग करायचा. तांब्याची तार अशी गुंडाळायचा की बघत राहावं. मग एक दिवस घरातले सगळे पंखे खाली काढले, खोलून टाकले. आवाज कुठून येतो ते शोधत होता! आम्ही त्याला पंखे मोडले म्हणून ओरडलो. मग तो अंघोळ करेना, उठेना, बोलेना. आम्ही म्हणालो आळशी झाला. वर्षभर म्हणालो! सिस्टर म्हणते, तोही आजारच.

चहाचं सांगितलं. तिचा चेहराच बदलला.

"चोरून? मग त्याने विश्वास कुणावर ठेवायचा? आणि चहा अर्धा राहिला तर गोळीही अर्धीच गेली. डॉक्टरांना माहीत आहे?"

नाही.

"आधी त्यांना सांगा. गोळी जमत नसेल तर महिन्याने घ्यायचं इंजेक्शनही असतं. पण खरं बोलून द्या."

१० मार्च

आईला म्हटलं, दादाला खरं सांग. "नको रे बाबा! चहावर चाललंय तेही जाईल."

मी चिडलो. दाजींना नको नको ते बोललो. आईने ऐकून घेतलं, मग हळूच म्हणाली, "पण तूच म्हणाला होतास ना? काहीही करा, मला बोलावू नका."

म्हणालो होतो. मुकादम रजा देत नव्हता. म्हणालो होतो मी.

आता रागाने फणफणायचं तरी कुणावर?

१२ मार्च

आईला दादाकडे फोन द्यायला लावला.

"दादा, चहात गोळी होती. चार महिने."

मग म्हणाला, "म्हणजे एवढं तरी खरं होतं."

फोन आईच्या हातात देऊन निघून गेला.

१३ मार्च

चहा बंद. अंडी बंद. केळी बंद. नळाचं पाणी तेवढं पितो, ओंजळीने. पेला नको.

ताई: "तिकडे बसून काडी लावलीस." दाजी: "दीडशहाणा!" शेजारची काकू म्हणते, लग्न लावून द्या, सुधारेल. कुणाच्या पोरीला या घरात आणणार? तिलाही चहाच पाजणार का?

माझ्यामुळे तो उपाशी आहे.

१४ मार्च

रजा मागितली. आजाराचं नाव पूर्ण घेतलं, सगळ्यांसमोर. मुकादम म्हणाला, "मरत तर नाही ना?"

अजून नाही, म्हटलं. तो पावत्या चाळत बसला. रजा मिळाली नाही.

१५ मार्च

ताई डॉक्टरांकडे जाऊन सगळं सांगून आली. डॉक्टर तिच्यावर उखडले म्हणे. उखडायलाच हवं! आणखी दोन दिवस खाल्लं नाही तर थेट घेऊन या म्हणाले. गोळी नवीन लिहून दिली.

आईला म्हटलं, न उघडलेली स्ट्रिप आणि डॉक्टरांची चिठ्ठी त्याच्या पलंगावर ठेव. त्याच्या देखत. आणि बाहेर ये. एक शब्द बोलू नकोस.

"ठेवते. पण तुझ्या जबाबदारीवर."

माझ्याच.

१६ मार्च

फोन नाही. रोलरवर दोन चादरी करपवल्या.

१७ मार्च, सोमवार

दादाचा फोन. त्याने स्वतः लावला!

"धाकट्या, गोळीलाही साल आहे रे. चंदेरी."

मी रोलर बंद केला.

"ते आवाज सांगतायत, फोडू नकोस म्हणून. आत्ताही सांगतायत."

मग कट् असा आवाज आला.

"फोडली," म्हणाला. "आईला सांग, चहा टाक म्हणावं. मी समोर उभा राहतो."