आतून आलेला नकार

४ मार्च
चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.
अपील बारगळलं. उशीर झाला म्हणून दाखलच करून घेतलं नाही. घरमालकाने खटला भरल्याचं मला ठाऊकच नव्हतं, तर वेळेवर जाणार कुठून? मी गैरहजर, म्हणून निकाल एकतर्फी. आता महिनाअखेर बाइंडिंगची खोली रिकामी करायची. समन्स घेऊन आलेल्या बेलिफाच्या शेऱ्याची नक्कल सोबत आहे. वकिलांनी हात टेकले, मी नाही. कटिंग मशीन हलवायला चार माणसं लागतात, मला हलवायला चाळीस लागतील.
लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

९ मार्च
ती. ताईस,
सा. न.
शेरा वाचून कपाळावर हात मारला. बेलिफ लिहितो की बंद दाराबाहेरून हाक मारली आणि समन्स घ्यायला तू आतून नकार दिलास. अगं, लहानपणीच्या त्या तापापासून तुला तोफ उडाली तरी ऐकू येत नाही! म्हणून तर बाहेर बटण दाबलं की तुझ्याकडे दिवा लागतो. वकिलांना हे सांगितलंस? नसणारच. ओठ वाचून त्यांनाही चकवलं असशील.
इथल्या वकीलबाई म्हणाल्या की अपील दाखलच झालं नाही, म्हणजे त्यात निवाडाही झाला नाही. ज्या कोर्टाने एकतर्फी निकाल दिला, तिथेच तो रद्द करायचा अर्ज करता येतो. मात्र ऐकू येत नाही हे भर कोर्टात सांगावं लागेल.
रागावलीस तरी माया असू दे.
तुझा ढब्बू

१४ मार्च
चि. ढब्बूस,
आशीर्वाद.
रागावले होते. मग अर्जावर सही केली. वकील 'श्रवणदोष' लिहीत होते, मी 'बहिरी' लिहायला लावलं. करायचंच तर धड.
ताई

२७ मार्च
चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.
काल सुनावणी झाली. बेलिफाने कबूल केलं की त्याने मला पाहिलंच नव्हतं; कुठून तरी बाईचा आवाज आला आणि तो शेरा लिहून मोकळा झाला. मालकाचा वकील म्हणाला (आमच्या वकिलांनी लिहून दाखवलं) की ही बाई घडाघडा बोलते, बहिरी कसली!
मग न्यायाधीश खाली मान घालून हुकूम सांगू लागले. ओठ दिसेनात. एरवी मी समजल्यासारखी मान डोलावली असती, आयुष्यभर तेच केलंय. काल उठून उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले की साहेब, मान वर करून बोला, माझ्या खोलीचं काय झालं ते मला दिसलं पाहिजे. आमचे वकील पांढरेफटक! साहेब थांबले. मान वर केली आणि माझ्याकडे बघत पहिल्यापासून सावकाश सांगितलं की एकतर्फी निकाल रद्द, खटला नव्याने चालेल, तोवर खोली हिच्याकडेच.
पुढच्या तारखेला ये. मालकाच्या वकिलाच्या मिशा ओठांवर येतात. त्यालाही सांगणार आहे.
लोभ आहे, तो वाढव.
तुझी बहिरी ताई