राखीव आणि चौथी

प्रिय राखीव,

मायना वाचून हसलास की कपाळाला आठ्या घातल्यास, ते मला इथून दिसत नाही. पण दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारावी तेच सुचेना. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी तुला हे नाव ठेवलं आणि तू मला पैलवान म्हणायला लागलास. पत्ता तुझ्या ताईकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस, मीच तिच्या मागे लागले होते. ती फोन नंबरही देत होती, मी नको म्हटलं. फोनवर आपण दोघं फार सभ्यपणे बोलतो. कशी आहेस, बरी आहे, आई कशा आहेत, ठीक आहेत, ठेवू का? त्यापेक्षा पत्र बरं. मला तुला एक विचारायचंय, आणि तिथवर येईपर्यंत तुला मध्येच ‘ठीक आहे’ म्हणता येणार नाही.

माझं म्हणशील तर चाललंय. शाळेच्या जुन्या हॉलमध्ये सकाळ-संध्याकाळ मुलींना वजन उचलायला शिकवते. सहा-सात जणी येतात, त्यातल्या दोघी नुसत्या बारीक व्हायला. डावा गुडघा जिना चढताना कुरकुरतो. बिल्डिंगमध्ये मला सगळे ओळखतात, पण कशासाठी? कुणाचं कपाट हलवायचं असलं की माझं दार वाजतं! परवा वरच्या काकूंचा फ्रिज खाली आणून दिला, तर म्हणतात कशा, अगं बाई, हे कुठे शिकलीस तू? मी म्हटलं, असंच, घरच्या घरी. काय सांगायचं त्यांना? जगात चौथी आले होते असं सांगितलं की लोक आधी विचारतात, कशात? आणि मग म्हणतात, चौथी का? तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जी दया येते ना, ती नको वाटते. संध्याकाळी घरी आले की ओट्यापाशी उभ्यानेच जेवण उरकते. बसून जेवायला गेलं की समोरची खुर्ची दिसते.

आणि तुझे ते दिवस आठव. एवढ्या नावाजलेल्या फुटबॉल संघात होतास, पण एकाही खऱ्या सामन्यात गोलपोस्टखाली उभा राहिला नव्हतास. पहिला गोलकीपर कधी आजारी पडायचा नाही, त्याला साधी सर्दीसुद्धा व्हायची नाही मेल्याला. तरी न्हावी तुला रांगेतून उठवून खुर्चीत बसवायचा, आरशाला तुझा ट्रॅकसूटमधला फोटो. मी बाहेर पिशव्या धरून उभी, आणि लोक मलाच म्हणणार, वहिनी, आमचा दोघांचा एक फोटो काढता का? मी जाम चिडायचे. माझ्या खेळाला काळं कुत्रं विचारत नव्हतं आणि तुम्ही लोकांनी नुसते हातपाय मोकळे केले तरी अख्खं स्टेडियम बोंबलायचं. घरी आले की मी तुझ्यावर तोंडसुख घ्यायचे. जगात पहिल्या दहांत येणारी मोठी, की बाकावर बसणारा राखीव मोठा? तू म्हणायचास, तूच मोठी, पण राखीवाला भूक लागलीय. हसायचो आपण. पण ते भांडण माझ्यापुरतं खरं होतं. मला खरंच तुझा हेवा वाटायचा.

मग ते तुझ्या मावसभावाचं लग्न. एक काका तुला धरून बसले होते, त्या पेनल्टीच्या वेळी मनात काय आलं हो तुमच्या? ती पेनल्टी अडवली होती पहिल्या गोलकीपरने. मला वाटलं तू आता सांगशील, अहो, तो मी नव्हे. आणि तू शांतपणे सांगायला लागलास, समोरच्याने पाऊल कसं टाकलं, खांदा कुठे झुकला, मी तेव्हाच उजवीकडे झेपावायचं ठरवलं. सगळं बरोबर! बाकावरून तुला सगळं दिसलेलं असायचं. मी मनात म्हटलं, काय हा भामटा. पण घरी आल्यावर तू बादलीत हातमोजे धूत बसलास. त्या मोज्यांना काही लागलेलंसुद्धा नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी जे उचललं ते मी उचललं होतं, कुणी पाहो न पाहो. तुझी मात्र रोज कुणीतरी तू न केलेल्या गोष्टीसाठी पाठ थोपटून जायचं. माझ्यापेक्षा तूच जास्त एकटा होतास, आणि ते मी तुला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

तू मात्र माझ्यासाठी काय काय केलंस! वजनकाट्यावर उभं राहायच्या आदल्या दिवशी मला पाण्याचा घोट घ्यायची चोरी. शेवटचे थोडे ग्रॅम उतरवून माझ्या वजनगटात यायला मी च्युइंगम चघळून थुंकत बसायचे, तर तूही शेजारी डबा घेऊन बसायचास आणि माझ्याबरोबर थुंकायचास. तुझा वजनाशी काही संबंध? पण सोबत म्हणून. एकदा सासूबाईंनी दार उघडून आपल्याला तसं बघितलं आणि लगेच दार लावून घेतलं. त्या आठवणीने मी अजून एकटी असताना हसते. हसले की नंतर घर जास्तच शांत वाटतं.

त्या जागतिक स्पर्धेबद्दल आपण कधीच बोललो नाही. तुमचा अंतिम सामना त्याच संध्याकाळी होता. आई आजारी आहे असं तू प्रशिक्षकांना खोटं सांगितलंस आणि मला न कळवता विमानात बसलास. त्यांनीही सोडलं, राखीवाचं काय अडणार होतं? तुझ्या जागी तिसऱ्या गोलकीपरला बाकावर बसवलं. मी हाताला पावडर लावून मंचावर आले, हॉल अर्धा रिकामा, आणि वरच्या रांगेत तू एकटा उभा राहून माझ्या नावाने ओरडतोयस. शेवटचं वजन मी उचललं ते तुझ्या आवाजावर. तिन्ही पंचांचे दिवे पांढरे लागले, म्हणजे उचल मान्य. आणि तरी चौथी. त्या तिसरीने माझ्यापेक्षा एकच किलो जास्त उचललं होतं. तू जिन्यावरून धावत खाली आलास, मला मिठी मारलीस, आणि तेवढ्यात तुझ्या फोनवर मेसेज आला. वाचून तू तो खिशात ठेवलास आणि म्हणालास, चल, काहीतरी खाऊ.

मला दुसऱ्या दिवशी पेपरमधून कळलं. पहिल्या काही मिनिटांतच पहिल्या गोलकीपरचं बोट मोडलं. इतक्या वर्षांत कधी नाही आणि नेमकं त्याच दिवशी. तिसरा आत गेला, त्याने दोन पेनल्टी अडवल्या, तुमचा संघ जिंकला. तू म्हणालास, जाऊ दे, त्यात काय. एवढंच. अरे, ओरडायचं होतंस ना माझ्यावर! दोन भांडी फेकायची होतीस. त्याऐवजी आपण एकमेकांशी नीट वागायला लागलो. तू मला चहा आणून द्यायचास, मी थँक्यू म्हणायचे. आपल्या घरात थँक्यू कधी होतं का? तू माझ्याकडे बघितलंस की मला वाटायचं, हा मनात तोच सामना खेळतोय. मी तुझ्याकडे बघितलं की तुला वाटत असेल, ही आता माफी मागणार. म्हणून दोघांनी बघणंच सोडलं. त्या दूरच्या शहरात तुला गोलकीपर शिकवायची नोकरी मिळाली, तू एकदा विचारलंस, येतेस का, आणि मी म्हटलं, बघू. कागदोपत्री आपण अजून नवरा-बायको आहोत, ताईला त्याचं फार हसू येतं.

तो तिसरा आता मोठा माणूस आहे. माझ्या बस-स्टॉपवर त्याचं हे एवढं मोठं पोस्टर लागलंय, बुटांच्या जाहिरातीचं. रोज सकाळी त्याच्याखाली उभी असते मी. त्याचा राग येत नाही, बिचाऱ्याने काय केलं, बोलावल्यावर गेला. पण तिथे तुझा चेहरा असता, असं रोज मनात येतं आणि तेवढ्यात बस येते.

आता विचारायचं ते. गेल्या आठवड्यात वेटलिफ्टिंग संघटनेच्या ऑफिसातून फोन आला. त्या स्पर्धेत आम्हा सगळ्यांच्या लघवीचे नमुने घेऊन गोठवून ठेवले होते, ते त्यांनी नव्या यंत्रांवर पुन्हा तपासले. त्या तिसरीच्या नमुन्यात बंदी असलेलं औषध सापडलं. तिचं पदक काढून घेतलंय. तिसरी मी आहे. तिथले साहेब म्हणाले, समारंभाला गर्दी हवी ना, आपण फुटबॉलच्या सामन्यात मध्यंतराला देऊ! मी इतकी हसले की त्यांना वाटलं फोन बिघडला. म्हटलं, नको, आमच्या हॉलमध्येच द्या, माझ्या मुली असतील. मग त्यांनी विचारलं, गळ्यात कोण घालणार, एखाद्या मंत्र्यांना बोलावू? मी म्हटलं, विचारून सांगते. फोन ठेवला आणि खूप रडले. या पदकाने तुझा सामना परत येत नाही, मला कळतं. पण इतकी वर्षं मला वाटत होतं की तू तुझा एकुलता एक सामना एका चौथ्या नंबरासाठी घालवलास, आणि तुलाही तसंच वाटत असणार. तसं नव्हतं रे. त्या दिवशी तुझ्या बायकोने पदक जिंकलं होतं, आणि ते बघायला त्या सबंध हॉलमध्ये तिचं माणूस एकच होतं. येशील का?

अजूनही तुझीच,
पैलवान