उमाच्या सत्काराचा फ्लेक्स

बदलापूर, बुधवार

प्रिय उमा,

फोनवर तू दोन वाक्यं बोलतेस आणि लगेच नातीला पुढे करतेस. तिला अजून नुसते हुंकार देता येतात. म्हणून हे पत्र, आपला वॉचमन भगवंत उद्या नाशिकला चाललाय त्याच्या हाती. राजसीच्या बाळंतपणाला गेलीस, आता नात रांगायला लागली तरी तुझा पाय निघत नाही. रविवारी सोसायटीचा महोत्सव आहे आणि तू यायलाच हवंस.

यंदा सगळं एकाच दिवशी, कारण मांडववाल्याला तेवढाच दिवस मोकळा. सकाळी स्वच्छता मोहीम, मग रक्तदान, संध्याकाळी मुलांचे नाच. रक्तदानाला लागूनच मोदक खाण्याची स्पर्धा आहे. विनिताताईंचं म्हणणं, रक्त देणाऱ्याला नाहीतरी काहीतरी गोड द्यावंच लागतं. सूत्रसंचालन हरिचंद्रकडे, म्हणजे बाकी कुणाला बोलायला मिळणार नाही.

मुख्य कार्यक्रम मात्र तुझ्या सत्काराचा. ओला-सुका कचरा वेगळा करा म्हणत तू दारोदार बादल्यांत डोकावलीस, तेव्हा तुला बघून दार लावणारेच आता टाळ्या वाजवणार आहेत. सभेत ठराव एकमताने झाला. मी अध्यक्ष म्हणून गप्प बसलो, निदान तसा प्रयत्न केला.

फ्लेक्सचं काम मी अंगावर घेतलं. उल्हासनगरला कॅम्प पाचमधल्या एका सिंधी दुकानात गेलो. चौकातले ते भडक फ्लेक्स मला सोसत नाहीत हे तुला ठाऊक आहे. दुकानदाराला बजावलं, सोनेरी अक्षरं नकोत, पुढाऱ्यांच्या मुंडक्यांची रांग नको. साधी काळी किनार, पांढरी फुलं, मधोमध तुझा एकटीचा फोटो, खाली नाव आणि रविवारी सकाळी दहा वाजता, सोसायटीच्या आवारात. तो एकदम हळू आवाजात म्हणाला, "साईं, आप टेन्शन मत लो, मैं अच्छा बना देता हूँ." वर मला चहा पाजला. मला वाटलं, चला, अभिरुची असलेला माणूस भेटला. गुंडाळी घेऊन आलो, उघडूनही पाहिली नाही.

काल दुपारी भगवंतने फ्लेक्स न वाचताच फाटकावर बांधला. मी भाजी घेऊन मागच्या फाटकाने परततोय तर शेजारच्या कुमुदिनीवहिनी पिठलं-भाताचं पातेलं घेऊन आपल्या दारात उभ्या, डोळ्यांना पदर. हरिचंद्रने मुलांचे नाच रद्द केले होते. खाली जाऊन बघतो तर तुझ्या फोटोवर मोठ्या अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली'. तू नाशिकला ठणठणीत आहेस हे पटवता पटवता घसा बसला. मग सगळे पोट धरून हसले, मीही हसलो. पिठलं-भात वहिनींनी परत नेला नाही.

फ्लेक्स उतरवायला मीच शिडीवर चढलो. तुझा चेहरा समोर आला आणि हसू गेलं. उमा, मी घाबरलो गं. सगळ्यांना सांगत फिरतो की माझं एकट्याचं मस्त चाललंय. साफ खोटं आहे ते. घर खायला उठतं. राजसीला सांग, बाबांनी बोलावलंय, आता तिचं तिला जमेल. सत्कार रविवारी आहे, पण तू शुक्रवारीच ये.

तुझी वाट बघणारा, तुझाच
चिंतामणी