नव्या लाइटची नारिंगी काच

मंगळवार, संध्याकाळी, मुलुंड

दवाखान्यात आज दातातलं फिलिंग कडक करायचा नवीन लाइट आला. याला नारिंगी काच आहे, त्यामुळे निळ्या उजेडापासून डोळे वाचवायला मान फिरवावी लागत नाही. जुन्याला काच नव्हती. तो लावला की मी आणि माझ्यासोबत प्रॅक्टिस करणारा नितीन, दोघंही खिडकीकडे वळायचो आणि बीप वाजेपर्यंत तिच्या काचेत एकमेकांना बघायचो. बोललो कधीच नाही. का नाही बोललो? आता तो नाशिकला, स्वतःच्या क्लिनिकमध्ये.

आज नारिंगी काच असूनही मान वळलीच माझी. बीप वाजून गेला तरी मी तिकडेच बघत होते. खुर्चीतल्या सावंतकाकूंनी विचारलं, "खिडकीत कोण आहे गं?"

"कोणी नाही, काकू. चूळ भरा."