आधी तुमचं म्हणणं

१४ जून

तीर्थरूप बाबांना,

नमस्कार. साष्टांग लिहीत नाही, माझी खोली तेवढी लांब नाही.

मी बरी आहे. तुमची खुशाली आईच्या फोनवरून कळते. गुडघा दुखतो, चष्मा सापडत नाही, आणि माझं नाव निघालं की तुम्ही रेडिओ मोठा करता.

बातमी अशी की मी पास झाले. वर्गात पहिली आले. राजकीय अर्थशास्त्राचं पदवीस्तराचं प्रमाणपत्र. दिवसा शिवणाच्या दुकानात काम, संध्याकाळी वर्ग. कामातून जे निर्माण होतं ते कुणाच्या वाट्याला किती येतं आणि हे ठरवतं कोण, एवढंच त्यात शिकवतात. तुम्ही म्हणाल, हे कारखान्याच्या फाटकाशी फुकट शिकता येतं. येतं. पण तिथे सगळे एकदम बोलतात.

आमच्या प्राध्यापकबाईंचा एक नियम आहे. समोरच्याला उत्तर देण्याआधी त्याचं म्हणणं आपण मांडायचं, आणि ते ऐकून त्याने स्वतः 'बरोबर' म्हणायला हवं. तोवर आपलं उत्तर पोटात ठेवायचं. सुरुवातीला वर्गात कुणालाच उत्तर देता आलं नाही. शेजारी बसणारे निवृत्त कंडक्टर म्हणाले, "बाई, हा नियम घरी नेला तर आमच्याकडे कायमची शांतता होईल."

तोंडी परीक्षेत मला विषय आला: माणसांचं काम घेणारं यंत्र कारखान्यात आणावं का? मी विरोधात. यंत्राच्या बाजूने बँकेतला एक कारकून. त्याची बाजू आधी मला मांडायची होती.

मी उभी राहिले आणि तुमची मांडली.

खोक्यांचा कारखाना. लांब टेबलांवर गोंद लावणाऱ्या आम्ही बायका. गोंद लावणारं यंत्र आपण घेतलं नाही तर पलीकडचा कारखाना घेईल. त्याची खोकी स्वस्त होतील, आपली पडून राहतील. मग गोंद लावायला खोकंच उरणार नाही. काही जणींचं काम वाचवायला जाऊ आणि सगळ्यांची चूल विझेल. संपाच्या आदल्या दिवशी जेवताना तुम्ही हेच सांगत होतात. मी मध्येच ताटावरून उठले, म्हणून पुढचं मला जुळवावं लागलं.

मग मी तुम्ही कधीच न सांगितलेली गोष्ट सांगितली. संपाच्या सकाळी आम्ही फाटकाशी बसलो होतो. तुम्ही फोरमन. यंत्राचं बटण दाबायला हाताखालच्या कुणालाही पाठवता आलं असतं. तुम्ही स्वतः आत गेलात, आमच्यामधून. जो बटण दाबेल त्याला जन्मभर शिव्या बसणार होत्या, आणि त्या दुसऱ्या कुणाला बसू नयेत असं तुम्हाला वाटलं. पहिली शिवी मीच दिली. "मालकाचा माणूस."

कारकून म्हणाला, "बरोबर. माझ्या मनात होतं त्याहून बरं आहे." वर्ग हसला. मग मी उत्तर दिलं. परीक्षकांनी पेन खाली ठेवून ऐकलं. कंडक्टरांनी जुन्या सवयीने शिट्टी वाजवली.

ते उत्तर इथे लिहीत नाही. नियम आहे. कारकून 'बरोबर' म्हणाला, पण म्हणणं त्याचं नव्हतं. ज्याचं होतं, त्याने अजून म्हटलेलं नाही.

लहानपणी मी वाद घातला की ज्या नावाने हाक मारायचात, त्याच नावाने सही करते.

तुमची, अजूनही विरोधात,
वकीलबाई

२१ जून

चि. वकीलबाईस आशीर्वाद.

पत्र आईने मोठ्याने वाचलं, कारण चष्मा सापडत नव्हता. मग सापडला. मी पुन्हा वाचलं.

एक दुरुस्ती. बटण मी दाबलं, कारण ते यंत्र चालवायला दुसरं कुणी शिकलंच नव्हतं. शिव्यांचं डोक्यात आलं ते फाटकातून जाताना. तेव्हाही परत फिरता आलं असतं. फिरलो नाही.

बाकी बरोबर.

तू पहिली आलीस हे शेजारी सांगून आलो. कुणाच्या विरोधात बोलून, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

उत्तर पत्रात लिहू नकोस. रविवारी घरी येऊन सांग. रेडिओ बंद असेल. मी मध्येच उठणार नाही.

तुझाच माणूस,
बाबा