स्वस्त, समुद्रालगत आणि घराजवळ

एल मेदानो,
२१ जानेवारी १९९४

चि. दार्दो यास,

थोरल्या बहिणीचे भरभरून आशीर्वाद. निबियालाही सांग, तिला पेलतील तेवढे.

तुझा गुडघा कसा आहे? निबियाची डोकेदुखी? (जेवणं उरकून भांडी घासायची वेळ झाली की उठते ती. डॉक्टरांना कारण सापडत नाही म्हणतोस, मला दोन रविवारांत सापडलं होतं.) माझी प्रकृती उत्तम आहे. हवा चांगली, अन्न चांगलं. झोप मात्र तुझ्या लहानपणीच्या लोखंडी खाटेवर, आणि तिची एक स्प्रिंग रोज पहाटे माझी बरगडी मोजते. माझं घर असताना मी त्या खाटेवर का झोपते, हे तुला सविस्तर कळावं म्हणून हे पत्र.

नोव्हेंबरात तुम्ही दोघं आलात, माझ्या हातचं मसुराचं कालवण दोन-दोन वाडगे जेवलात, आणि मग तू छताकडे बघून बोललास. घरानं आपला खर्च आपण काढला पाहिजे, नाहीतर मार्चमध्ये विकू, निम्मं तुझं, निम्मं माझं, आणि ताईनं मोंतेविदेओला आमच्याकडे यावं. निबियानं तिथल्या तिथे स्वयंपाकघरामागची खोली देऊन टाकली. त्या खोलीला खिडकी नाही. "खिडकी कशाला हवी, ताई? बाहेर बघण्यासारखं आहे काय?" असं ती म्हणाली, आणि लग्न झाल्यापासून एवढं एकच खरं बोलली असेल. दार्दो, मी चौतीस वर्षं शाळेत खिडकीकडे पाठ करून उभी राहिले. उरलेली वर्षं मला खिडकीकडे तोंड करून बसायचं आहे. म्हणून मी म्हटलं, ठीक आहे, घर जानेवारीत भाड्यानं देऊ. इथला अर्धा गाव तेच करतो: पुढचं घर पाहुण्यांना, आणि आपण मेहुण्याकडे नाहीतर कोंबड्यांच्या शेजारी. करारनामा तू तुझ्या नावानं केलास, कारण एकट्या बाईला लोक फसवतात. (कोणते लोक, ते सांगितलं नाहीस.) त्यात तू एक कलम घातलंस, की महिनाभर मालकानं किंवा त्याच्या नातेवाइकानं आवारात पाऊल ठेवलं तर सगळे पैसे परत. मोठ्या शहरात असंच लिहितात म्हणे. ते कलम लक्षात ठेव.

आता महिनाभर मी कुठे जायचं? तुमच्याकडे आले असते तर निबियानं त्या खोलीत माझ्या मापाचा पलंग टाकला असता आणि मग मार्चची वाट बघायचं कारणच उरलं नसतं. म्हणून मी जाहीर केलं की इथेच राहीन, समुद्रालगत, घराजवळ, स्वस्तात. तू हसलास. "ताई, जानेवारीत? इथे? त्यापेक्षा दफनभूमीत स्वस्त पडेल." तेव्हा राग आला होता. नंतर दफनभूमीत चौकशी करावीशी वाटली.

मी तेचेराकडे गेले. तेचेरा म्हणजे आपला न्हावी. केस कापता कापता गावातली घरं भाड्यानं देतो. (माझाच विद्यार्थी. सातचा पाढा त्याला कधी आला नाही, आता डिसेंबर लागला की सगळ्याला सातानं गुणतो, तेही कागदाशिवाय.) त्यानं आधी मला "कोळ्याची निवांत खोली" दाखवली. निवांत होती, कारण तिच्यात कोणी थांबत नसे. फ्रिज उघडला तर गेल्या हंगामातलं गळाला लावायचं आमिष आत होतं, आणि मालकानं ते भाड्यात धरलं होतं. मग एका बाईचं पाहुणेघर. तिचा नियम असा की वाळू घरात आणायची नाही. समुद्रकिनाऱ्यावर पाहुणेघर काढून वाळूशी वैर धरणारी ही बाई दारात हँडब्रश घेऊन बसते आणि वयस्कर माणसांनाही पाय वर करायला लावते. मी तिला म्हटलं, "बाई, तुम्ही डोंगरात जा." ती म्हणाली, "तिथे गिऱ्हाईक येत नाही." मला तिच्याशी पुढे बोलायचं कारण दिसलं नाही.

शेवटी ट्राम. पाइनच्या झाडीत ती जुनी ट्राम वाळूत रुतवून ठेवली आहे ना, तीच. पुढचा अर्धा भाग माझा, मागचा अर्धा एका नवविवाहित जोडप्याचा, आणि मध्ये फुलाफुलांचा पडदा. त्या दोघांना माझं काही वाटत नव्हतं, हाच तर त्रास होता. ट्रामचालकाच्या आसनावर बसून मी सकाळचा कडू पाल्याचा माते नळीनं पीत असे, आणि ये-जा करणारी माणसं मला हात करून विचारत, बाई, ही बंदरापर्यंत जाते का? पहिल्या दिवशी मी मान हलवून नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, जाते, पण तुमच्यासारख्यांना घेत नाही. चौथ्या दिवशी पडद्यापलीकडचं भांडण पडद्याच्या अलीकडे आलं, नवऱ्यानं माझा माते संपवला, आणि मी पिशवी उचलून तेचेराच्या दुकानात जाऊन बसले.

तो कुणाची तरी दाढी करत होता. अर्ध्या दाढीवर गिऱ्हाईक सोडून म्हणाला, "बाई, आहे एक. स्वतंत्र खोली, बाग, समुद्र दोन गल्ल्यांवर. भाडं नावापुरतं, फक्त सकाळी दोन मुलींवर लक्ष ठेवायचं." गाडीत घालून घेऊन गेला. पाइनची झाडी ओलांडली, दुसऱ्या गल्लीला वळलो, आणि निळ्या फाटकापाशी थांबलो. वडिलांनी रंगवलेली 'माझा विसावा' ही पाटी फाटकावर होती. मी म्हटलं, "तेचेरा, हे माझं घर आहे." तो फाटकाचा खटका काढत म्हणाला, "बाई, तुम्हीच म्हणालात, घराजवळ पाहिजे. याहून जवळचं माझ्याकडे नाही."

झालं होतं असं. आपले भाडेकरू नदीपलीकडच्या बुएनोस आइरेसचे. त्यांची मोटार एवढी लांब की आपल्या गॅरेजात तिचं तोंडच मावतं. पैसे पूर्ण आवाराचे दिलेत तर गॅरेज रिकामं कशाला, म्हणून त्यांनी ते तेचेरामार्फत पोटभाड्यानं द्यायला काढलं. तेचेरानं एकाच घराची दलाली दोनदा खाल्ली. (पाढे येत नाहीत हे मी मागे घेते.) मला तिथल्या तिथे परत फिरता आलं असतं. पण फिरून कुठे जाणार, त्या खिडकी नसलेल्या खोलीत? फाटकाशी उभी राहून मला एकदम रडू फुटेल असं वाटलं, दार्दो, हे तुला सांगते. मला इथून जायचं नाही. आणि तुझ्या त्या शहाण्या कलमामुळे मी मालकाची बहीण आहे हे कळलं असतं तर पैसे परत, आणि मार्चमध्ये घर गेलं. म्हणून मी पिशवी खाली ठेवली आणि बाहेर आलेल्या बाईला म्हटलं, नमस्कार, मी झुल्मा, गॅरेज बघायला आले. आत तुझी ती लोखंडी खाट अजून होती.

बाईचं नाव रोसाना. तिनं मला माझं आवार दाखवलं. "मावशी, संडास मागे आहे. दार अडकतं, जरा उचलून ढकला," असं तिनं मला शिकवलं. बावीस वर्षं ते दार मी उचलतेय. नवऱ्याचं नाव फाबियान. नदीपलीकडचे लोक कसे असतात तुला माहीत आहे. आपल्या देशाला ते 'छान, लहानसा' म्हणतात, खिशात घालून न्यायचा असल्यासारखं. पहिल्याच रविवारी त्यानं पाइनची लाकडं पेटवून वर मांस भाजायला घेतलं. मी गॅरेजच्या दारातून म्हटलं, "साहेब, डिंकाचा वास लागेल." तो म्हणाला, "मावशी, आमच्याकडे असंच करतात." मी म्हटलं, "मग तुमच्याकडेच जाऊन खा." तो हसत सुटला. टर्पेंटाइनची चव लागणारं ते मांस त्यानं मलाही वाढलं, आणि पुढच्या रविवारपासून विस्तव माझ्याकडे दिला.

सर्वांत अवघड म्हणजे मला काही माहीत नाही असं दाखवणं. चाळणी शोधत ही माणसं चार दिवस घरभर फिरली. ती ओव्हनमध्ये असते, माणसाच्या घरात दुसरी कुठे असणार? मी ओठ दाबून बसले. पण आग्नेयेचं वादळ आलं त्या दुपारी वीज गेली, मुली रडायला लागल्या, आणि मी तडक आत जाऊन कॅलेंडरमागचा फ्यूज बसवून आले. फाबियाननं विचारलं, तुम्हाला कसं कळलं? मी म्हटलं, "सगळ्या घरांत तो कॅलेंडरमागेच असतो." त्यांनी मान डोलावली. बुएनोस आइरेसला कॅलेंडरं नसावीत. मग मी पावसाची रीत म्हणून पुऱ्या तळल्या, त्यांनी बावीस खाल्ल्या आणि फाबियाननं जेवणाच्या टेबलाशी माझी खुर्ची कायमची मांडली.

तेव्हापासून रोज दुपारी आम्ही मालकाच्या नावानं बोटं मोडतो. मालक म्हणजे तू. गादीला खड्डा, सुऱ्या बोथट, छताला गळती, आणि भिंतीवरचं ते रडक्या घोड्याचं चित्र कुणाच्या अकलेतून आलं? (माझ्या. पण मी तेही तुझ्या माथी मारलं.) सुरुवातीला मी गप्प बसत असे. आता सर्वांत जास्त मीच बोलते. तू कंजूष आहेस, तुझी बायको त्याहून, आणि तुम्ही आयुष्यात एक खिळा इथे ठोकलेला नाही, हे मी भरल्या टेबलावर सांगितलं तेव्हा रोसानानं माझा हात धरला. "मावशी, तुम्ही त्या माणसाला ओळखता वाटतं." मी म्हटलं, थोडंफार. मुलींबद्दल तर बोलायलाच नको. एक नऊ वर्षांची, एक सात, दोघींनाही भागाकार येत नव्हता आणि त्याची लाज नव्हती. आता रोज सकाळी झाडाखाली बसवते. थोरलीला काल बाकी कशी उरते ते समजलं, तर धावत जाऊन आईला उठवून सांगून आली. असली उथळ, गोंगाटी, उधळी माणसं मी उभ्या जन्मात पाहिली नाहीत. एकतीस तारखेला जातील.

पत्र आवरते. माझ्यावर लोभ आहे तेवढाच राहू दे. तो वाढला की तू मुक्कामाला येतोस.

तुझी ताई,
झुल्मा

ता. क. रविवारी "घर कसं चाललंय" ते बघायला येणार असं निबियानं कळवलं आहे. येऊ नका. यायचंच असेल तर मला ओळखायचं नाही, आणि टेबलावर तुझ्याबद्दल जे बोललं जाईल ते मुकाट्यानं ऐकून घ्यायचं. मीही तुझी बाजू घेणार नाही.

ता. क. २. या पाकिटात दुसरं एक पत्र आहे. ते फाबियाननं मालकाला, म्हणजे तुला, लिहून माझ्याकडे टपालात टाकायला दिलं. पाकीट नीट चिकटलेलं नव्हतं. मी वाचलं, आणि शुद्धलेखनाच्या तीन चुका दुरुस्त केल्या. त्यांना घर पुढच्या जानेवारीत हवं आहे, त्याच्या पुढच्याही, आणि फेब्रुवारीसकट. अट एकच: गॅरेजातली बाई असली पाहिजे, नाहीतर ते दुसरीकडे बघतील. उत्तर लगेच पाठव. लिही, की बाईचं वय झालं आहे, स्वभाव तिरसट आहे, तिच्यावर मालकाचा काही हक्क चालत नाही. पण घर विकण्याचा विचार मालकानं कायमचा सोडला तर ती येईल. शेवटचं वाक्य त्यांच्या पत्रात घालू नकोस, ते तुझ्यासाठी आहे.