तारेच्या कुंपणावरची माझी सही

मी, ताईबाई कचरू ओहोळ, वय वर्षे साठ, धर्म बौद्ध, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार कळंब, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, माझ्यामागे काय कोणाकडे जावे हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्याच डॉक्टरांनी हृदय कमजोर झाल्याचेही सांगितले, त्याचा दाखला जोडण्याची गरज नाही. बुद्धी शाबूत आहे. थकवा मात्र फार आहे, त्यामुळे अक्षर कुठे कुठे वाकडे येईल. वकिलांनी टंकलिखित करून देतो म्हटले होते, मीच नको म्हटले.

१. कळंब येथील दोन खोल्या, पुढची पडवी आणि मागचा नळ हे माझ्या भविष्यनिर्वाह निधीतून बांधलेले आहे. ते सर्व माझी मुलगी करुणा हिला द्यावे. ती बारामतीत परिचारिका आहे. माझ्या आजारपणात रजा काढून दर आठवड्याला तीच येते. मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

२. निरवांगी येथील अर्धा एकर जमीन माझे यजमान दिवंगत कचरू यांच्यानंतर माझ्या नावावर आली. ती मुलगा संघपाल याला द्यावी. तो सहा वर्षांत त्या बांधावर गेलेला नाही. विकू नये असे मी लिहिणार नाही, कारण तो विकणार आहे आणि मला मेल्यावर त्याच्याशी वाद घालायचा नाही. यजमान वालचंदनगरच्या कारखान्यात फिटर होते. त्यांची पान्यांची पेटीही संघपालनेच न्यावी. पुण्याच्या फ्लॅटमध्ये तिला जागा नाही असे तो मागे म्हणाला होता. आता करावी.

३. शिलाई मशीन करुणाची मुलगी मेघना हिला द्यावे. पायडल जड चालते. तेल घालावे.

४. हे कलम मोठे आहे. वकील म्हणाले, याची मृत्युपत्रात गरज नाही. मी म्हटले, बाकीच्या कलमांची गरज कमी आहे.

सन १९९४ मध्ये मी चिंचमळा वस्तीच्या दोनशिक्षकी शाळेत मुख्याध्यापिका होते. त्या सप्टेंबरात प्लेगची बातमी आली. बीड जिल्ह्याचे नाव रोज वर्तमानपत्रात येत होते, मग सुरतचे येऊ लागले. लोक तोंडाला रुमाल बांधून बाजाराला जायचे. आमची शाळा बंद झाली आणि दिवाळीनंतर उघडली. मधल्या काळात वरून परिपत्रक आले की साथीसाठी शाळांना तातडीचे अनुदान मिळणार. त्यातून उंदरांची बिळे बुजवावीत, चुना मारावा, झाकणाचे पाण्याचे पिंप घ्यावे, आणि बाहेरगावाहून आलेल्या मुलांसाठी वेगळी बैठक व्यवस्था करावी. शेवटी एक ओळ होती: साथीमुळे कोणतेही मूल शिक्षणाबाहेर राहू नये. ती ओळ मी फळ्यावर लिहून ठेवली होती. चांगले वाटले होते मला.

दिवाळी झाली आणि दरवर्षीप्रमाणे बीडकडचे ऊसतोड कामगार आले. शाळेमागच्या माळावर त्यांच्या उसाच्या पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, पडल्या. त्यांची अकरा मुले शाळेत आली. वस्तीतल्या लोकांनी सांगितले, यांना आत घ्याल तर आमची मुले घरी नेऊ. मी त्या अकरा जणांना ओसरीवर बसवले. अनुदान येईल, मागच्या बाजूला पत्र्याची शेड टाकू, तोवर चालवून घेऊ असा विचार होता.

तातडीचे अनुदान जानेवारीत आले. तोपर्यंत साथ संपली होती. कोणत्या टेबलावर ते अडले होते हे मला माहीत नाही, आता माहिती करून घेण्याची इच्छाही नाही.

ग्रामशिक्षण समितीची बैठक झाली. अध्यक्ष हिंदुराव. वस्तीवरचे मोठे बागायतदार. सगळे त्यांना आबा म्हणत, मीही म्हणत असे. मी शेडचा विषय काढला. आबा म्हणाले, "श्येड नगं. तारंचं कुंपान घाला चारी बाजूंनी. मोरं लोखंडी फाटक."

मी म्हटले, "आबा, परिपत्रकात वेगळी बसायची सोय लिहिलीय."

"परिसर सुरक्षित करावा, आसंबी ल्ह्यालंय की. वाचा खाली."

तसेही लिहिले होते.

मी म्हटले, "साथ संपली. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डाक्टर तितं ऱ्हातो, बाई. आमी हितं ऱ्हातो. माझ्या लहानपनी पटकीत दोन भावंडं येका आठवड्यात गेली. पुरायला मानूस मिळाला न्हाय. मला नगा सांगू साथ संपली म्हनून." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमचं दीड वरीस ऱ्हायलंय म्हनं. सुखानं जावा की घरी. तक्रार-बिक्रार कशाला हुया पायजे?"

त्या रविवारी संघपाल आला होता. त्याला सांगितले. तो म्हणाला, "आई, पेन्शनची फाईल एकदा अडकली की माणूस मरेपर्यंत सुटत नाही. तू एकटी काय करणार आहेस? घालू दे त्यांना कुंपण." मी त्याला दोष देत नाही. मला जे ऐकायचे होते तेच तो बोलला.

सोमवारी मी सही केली. आठ दिवसांत तार आली, खांब उभे राहिले. फाटकाला कुलूप लागले आणि अकरा मुले बाहेर राहिली. वर्षअखेर विनियोगाचा दाखला द्यावा लागतो. त्यात मी लिहिले की अनुदानाचा लाभ शाळेतील सर्व मुलांना झाला. तो खोटा नाही असे मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितले, कारण ती अकरा मुले शाळेच्या पटावर नव्हतीच. त्याची नक्कल माझ्या कपाटात निळ्या फायलीत आहे. करुणाने ती काढून वाचावी.

त्या मुलांपैकी दहा पुन्हा आली नाहीत. एक यायची. नकोशी तिचे नाव, वय आठ. चौथी मुलगी झाली म्हणून ठेवलेले. तिची आई भागूबाई ऊस तोडायची, म्हणून धाकटा भाऊ नकोशीच्या कडेवर असायचा. आपल्या गावी दुसरी पास होऊन आली होती. वर्गाच्या खिडकीपासून कुंपण सहा-सात फुटांवर होते. ती तारेपलीकडे उभी राहायची.

एक दिवस मी आबांची नात राजनंदिनी हिला सतरा साते विचारले. ती अडली. बाहेरून आवाज आला, "येकशे येकुनीस!" वर्ग हसला. मीही हसले. त्यानंतर चार दिवस मी पाढे जरा मोठ्याने विचारत होते. उत्तर बाहेरून आले तर "बरोबर" म्हणत होते, भिंतीकडे बघून.

पाचव्या दिवशी आबा फाटकापाशी आले. "बाई, ती पोरगी रोज हितं हुबी ऱ्हाती."

मी खडू खाली ठेवला. खिडकीपाशी गेले. ती माझ्याकडे बघत होती, तिला वाटले मी काही विचारणार आहे. मी खिडकी लावली आणि कडी घातली.

मी ज्या शाळेत शिकले तिथे आम्हाला उंबऱ्याबाहेर बसवत. मास्तर पाटी हातात घेत नसत, लांबून बघत. १९५६ साली मी अठरा वर्षांची होते, दीक्षा घेतली, दोन वर्षांनी मास्तरीण झाले. आता कोणाला बाहेर बसावे लागणार नाही, निदान माझ्या शाळेत तरी, असे तेव्हा वाटायचे. हे मी दया यावी म्हणून लिहीत नाही. मला काय माहीत होते आणि तरी काय केले, याची नोंद असावी म्हणून लिहिते.

नकोशी दुसऱ्या दिवसापासून आली नाही. मी १९९६ साली निवृत्त झाले. पेन्शन वेळेवर सुरू झाली.

५. मागच्या डिसेंबरात मी चिंचमळ्याच्या त्या कोप्यांवर गेले. भागूबाई भेटली. नकोशी डोक्यावर उसाची मोळी घेऊन आली, उंच झाली होती. मी विचारले, "शाळा?" भागूबाई म्हणाली, "सुटली बाई तवाच. आता तिचा हात कोयत्याला बसलाय. वैशाखात लगीन हाय."

मी नकोशीला विचारले, "शाळेची खिडकी आठवते का गं तुला?"

"व्हय की," ती म्हणाली. "वारा लई सुटायचा. पोरास्नी गार लागंल म्हनून तुमी लावली."

मी "हो" म्हणाले.

त्या "हो"ची दुरुस्ती मी इथे करते. वारा नव्हता. पोरांना गार लागत नव्हते. तुझ्या बाजूने बोलण्याची मला भीती वाटली म्हणून मी खिडकी लावली. नकोशी, हे कलम आणि याच्या वरचे कलम तू स्वतः वाचावेस, कोणाकडून वाचून घेऊ नयेस. वाचून राग आला तर तो खरा आहे.

६. मी भागूबाईकडे सहा वेळा गेले. मुलगी शिकायला द्या म्हटले. प्रत्येक वेळी ती म्हणाली, मालकाला, म्हणजे नवऱ्याला, विचारते. चैत्रात, हंगाम संपून त्यांच्या गाड्या गावी परत निघायच्या आदल्या दिवशी ती स्वतः माझ्या पडवीत आली. पाणीही न पिता बोलली. "लगीन मोडायचं न्हाई, बाई. त्येंनी सबूद दिलाय. पर दोन वर्सं नांदायला धाडत न्हाई. तवर न्या तिला."

बारा वर्षांच्या मुलीचे लग्न हा गुन्हा आहे. मी तीस-पस्तीस वर्षे पालकसभांत हेच सांगत आले. तक्रार केली असती तर लग्न कदाचित थांबले असते, आणि मुलगी माझ्याकडे कधीच आली नसती. मी तक्रार केली नाही. हीसुद्धा एक सहीच झाली. यावेळी तरी दार उघडण्यासाठी केली असे वाटते, पण मला खात्री नाही. बळ असते तर दोन्ही गोष्टींसाठी भांडले असते.

करुणा आधी नाही म्हणाली होती. "आई, बारामतीतल्या माझ्या दोन खोल्यांत कुठं ठेवू?" मग जूनच्या पहिल्या आठवड्यात तीच बारामतीच्या एसटी स्टँडवर घ्यायला गेली. नकोशी एक पिशवी घेऊन उतरली. गळ्यात काळे मणी होते, ते शाळेत जाताना पोलक्याच्या आत घालते. तिला पाचवीत बसवले आहे. वर्गात सर्वांत उंच आहे. भागाकार विसरली आहे. पाढे येतात.

माझ्या टपाल खात्यातील बचतीपैकी अर्धी करुणाला द्यावी. उरलेली अर्धी नकोशीच्या शाळेसाठी, पुस्तकांसाठी, आणि ती पुढे जाईल तिथपर्यंत वापरावी. ही रक्कम माझ्याकडून आहे हे तिला सांगावे. सरकारकडून किंवा शाळेकडून आली असे सोयीसाठी सांगू नये, खोटे पुरे झाले. वरचे वाचून तिला माझे पैसे नकोसे वाटले, तर करुणाने स्वतःच्या नावाने फी भरावी आणि हिशेब मागू नये.

७. हिंदुराव आबांना मी काही ठेवत नाही. त्यांनी मागच्या महिन्यात मला बघायला येऊन मोसंबी आणली. कुंपणाचा विषय त्यांनी काढला नाही, मी काढला. ते म्हणाले, "तवा भ्या वाटलं व्हतं, बाई." मी म्हटले, "मलाही." ते माझ्या अंत्यविधीला आले तर संघपालने त्यांना पुढे बसवावे.

८. विधी बौद्ध पद्धतीने, थोडक्यात करावा. शाळेने शोकसभा घेऊ नये, भाषणे होतात. मुलांना सुट्टी मात्र द्यावी.

९. शेवटचे कलम करुणासाठी. दोन वर्षे झाली की नकोशीच्या सासरचे लोक तिला न्यायला येतील. कदाचित आधीच येतील. भागूबाई बरोबर असेल, रडेलही. तू भांडू नकोस आणि त्यांना हाकलू नकोस. सगळ्यांना चहा दे. मग नकोशीला आतल्या खोलीत ने, दोघीच बसा, आणि तिला काय करायचे आहे ते विचार. लगेच उत्तर देणार नाही. थांब. बाहेर लोक खोळंबले तर खोळंबू देत. ती सांगेल ते बाहेर येऊन तू मोठ्याने सांग, आणि त्याप्रमाणे कर. ती जाते म्हणाली तरी.

येणेप्रमाणे मी लिहिले, पुन्हा वाचले, दोन ठिकाणी खाडाखोड केली व तिथे आद्याक्षरे केली. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, यानंतर करण्याइतका उत्साह नाही.

स्थळ: बारामती, वकिलांचे कार्यालय
दिनांक: २९ जून १९९८

सही: ताईबाई कचरू ओहोळ

आम्हा दोघांसमोर बाईंनी सही केली. त्या वेळी त्या नीट बोलत होत्या. आम्हीही एकमेकांसमोर सही व अंगठा केला. आम्हाला यातून काही मिळत नाही. बानूबाईंना बाई आपला स्टोव्ह देणार होत्या. साक्षीदाराला देता येत नाही असे वकिलांनी सांगितल्यावर बाईंनी तो कालच त्यांच्या घरी पोचवला.

साक्षीदार:
१. बापूसाहेब, चिंचमळा शाळेतील बाईंचे सहशिक्षक, राहणार वालचंदनगर (सही)
२. बानूबाई, शेजारी, राहणार कळंब (डाव्या हाताचा अंगठा)